भरलेली बाजू

बाईंनी पर्समधून खडूचा तुकडा काढला आणि पाळण्याच्या खांबाखालच्या नटावर रेघ मारली. रेघ नटावरून निघून खालच्या लोखंडी पट्टीवर संपली. अशा आठ नटांवर आठ रेघा.

"आता दहा फेऱ्या द्या," त्या म्हणाल्या.

फिटर अंगदनं शिवशंकरकडं पाहिलं. शिवशंकर पार्कचा मालक. नेकनूरच्या रस्त्याला माळरानावर त्यानं वर्षभर खपून 'सायली फॅमिली पार्क' उभं केलं होतं: पाण्याची घसरगुंडी, झुकझुक गाडी आणि मधोमध बारा डब्यांचा आकाशपाळणा. उद्घाटन उद्यावर आलं होतं. तपासणीवाल्यांची सही तेवढी राहिली होती. सकाळपासून तो वाटेला डोळे लावून बसला होता. अकराला बाई स्कूटीवरून उतरल्या आणि 'पाळणा तपासायचाय' म्हणाल्या, तेव्हा त्यानं पळत जाऊन खुर्ची आणली. त्या खुर्चीवर बाई अजून बसल्या नव्हत्या.

दहा फेऱ्या झाल्या. बाई वाकल्या. सात रेघा सरळ होत्या. आठवी मधेच तुटली होती. नटावरचा भाग बोटभर पुढं सरकलेला.

"हा ढिला होतोय."

"आवळतो की मॅडम, त्यात काय," अंगद म्हणाला.

"आवळू नका. बदला. वरून दुसरा नट घाला. आणि चोवीस पोती माती भरा. प्रत्येकी पस्तीस किलो, मोजून."

"पस्तीसच कावून?"

"सातवीतलं पोर साधारण तेवढं भरतं."

कापूस तोलायचा काटा आणला गेला. गडी माती भरू लागले. शिवशंकर बाईंजवळ सरकला.

"मॅडम, मंडपात चला. मटण शिजलंय. ते आष्टीकडचे पार्कवाले सांगत होते, त्यांच्याकडं साहेब जेवले, पान खाल्लं, सही केली अन् गेले. पाळण्याकडं मान वर करूनसुदिक पाह्यलं न्हाई."

"माझा डबा आहे."

त्यांनी लिंबाखाली उभ्यानंच भाकरी आणि मेथीची भाजी खाल्ली. खाताना नजर काट्यावर. एक पोतं तेहतीस भरलं तर परत पाठवलं.

पोती भरून झाली. अंगद डब्यांत सारखी वाटायला निघाला, तेव्हा बाईंनी त्याला थांबवलं.

"एकाच बाजूच्या सहा डब्यांत ठेवा. दुसरी बाजू रिकामी."

"असं कुणी बसवतंय व्हय मॅडम? आमी दोन्हीकडं सारखीच माणसं बसवतो."

"पोरं उतरताना एक बाजू रिकामी होतेच ना? भरलेली बाजू वर न्या, मोटार बंद करा, आणि फक्त ब्रेकवर धरा."

अंगदनं भरलेली बाजू वर नेली. मोटार थांबवली. ब्रेक ओढला. पाळणा क्षणभर थांबला. मग कुरकुरला आणि हळूहळू खाली यायला लागला. त्याचा वेग वाढला. सहा डबे जमिनीजवळून सणकन गेले. एक पोतं बाहेर पडून फुटलं.

बाईंनी वाकून ब्रेक पाहिला.

"ब्रेकची लायनर झिजलीय," बाई म्हणाल्या. "जुना पाळणा घेतलाय तुम्ही."

"रंग नवा हाय," अंगद पुटपुटला.

"तू गप बे!" शिवशंकर खेकसला. मग आवाज उतरवून म्हणाला, "मॅडम, उद्या लोक येणार हायेत. पत्रिका वाटल्यात. मामा पंचायत समितीत हायेत माझे. फोन लावू का?"

"लावा. आणि विचारा, उद्या भरलेल्या बाजूला ते स्वतः बसतील का."

शिवशंकरनं फोन खिशातून काढला, मामांचं नाव पाहिलं आणि परत खिशात टाकला. मग अंगदला मोटरसायकलची किल्ली दिली. "बीडला जा. नवी लायनर घेऊनच ये."

नट आधीच बदलून झाला होता; साडेचारला लायनरही बसली. बाईंनी पुन्हा पोती मोजायला लावली. भरलेली बाजू वर गेली, मोटार बंद झाली, ब्रेक लागला. पाळणा जागीच उभा राहिला. बाईंनी घड्याळ लावून दहा मिनिटं मोजली. मग पुन्हा. मग तिसऱ्यांदा.

"लई चिवट हाय बाई," अंगद गड्याला हळूच म्हणाला. "पण एक सांगू? आता मी माझ्या लेकीला बसवीन यात."

शिवशंकरनं फाईल पुढं केली. बाईंनी चाळली आणि मिटून परत दिली.

"यावर माझी सही चालणार नाही."

"आता काय राह्यलं, मॅडम?"

"काही नाही. पाळणा ठीक आहे. उद्या दहाला येते."

दुसऱ्या दिवशी पावणेदहाला शिवशंकर शाल-नारळ घेऊन फाटकात उभा होता. फोन वाजला.

"तपासणीला यायचं होतं ना काल, जमलं नाही हो," पलीकडून जडसा आवाज आला. "आज जेवणापर्यंत पोचतो. रस्सा जरा झणझणीत ठेवा."

शिवशंकर फोनकडं बघत राहिला. तेवढ्यात पाटोद्याची बस फाटकाशी थांबली. आधी बाई उतरल्या. त्यांच्या गळ्यात शिट्टी होती. मागून निळ्या गणवेशातली पोरं-पोरी, दोघं-दोघं हात धरून. बाई एकेकाच्या डोक्याला हात लावून मोजत होत्या.

"म्हंजी तुमी... हापिसातल्या न्हाईत?"

"मी तसं कधी म्हणाले? शाळेत विज्ञान शिकवते. सहल आणायच्या आधी पाळणा पाहून गेले."

अंगदनं तोंडावर रुमाल धरला. शिवशंकरचे कान लाल झाले. त्यानं फाटकावरच्या नियमांच्या पाटीकडं बोट दाखवलं.

"पालकाच्या सहीबगर पोरगं पाळण्यात बसवत न्हाई आमी. नियम म्हंजी नियम. बोलवा आई-बापांना!"

"ते ऊसतोडीला गेलेत. सगळ्यांचेच. मार्चपर्यंत येत नाहीत. ही पोरं आमच्या वसतिगृहात राहतात."

बाईंनी घडी घातलेला कागद त्याच्या हातात दिला. अडतीस नावं होती. पालकाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत अडतीस वेळा एकच सही होती, बाईंची, मनिषा गिते, आणि प्रत्येक सहीखाली कालची तारीख, वेळ संध्याकाळी साडेसहा.