मागची सीट

बत्तीस वर्षं वेल्डन कॅन्ससच्या शेतांवरून आपलं छोटं विमान उडवत होता. मागची सीट कायम रिकामी. सुट्ट्या, नवी गाडी, समुद्रावरची सहल, सगळं त्या विमानाने गिळलं, म्हणून त्याची बायको ओडेला विमानाला आपली सवत म्हणायची. यंदा मात्र तीच म्हणाली, "ने बघू मलाही. काय आहे एवढं वर?" त्याच आठवड्यात वार्षिक तपासणीत मेकॅनिक रॉस्कोने पंख उघडला. "वेल्डनकाका, पंखाला धरून ठेवणारी मुख्य तुळई आतून गंजलीये. हे आता उडणार नाही." "दुरुस्ती?" "तेवढ्या पैशांत दुसरं विमान येईल." वेल्डन अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता. ओडेला तरीही मागे चढली. "जमिनीवर पळतं ना? पळव." गवताच्या धावपट्टीवर विमान धडधडत सुटलं. तिने डोळे गच्च मिटून त्याचा खांदा पकडला. "उडालो का रे?" धावपट्टी संपत आली होती. "नाही गं," म्हणत वेल्डनने इंजिन बंद केलं.