देह आणि आत्मा

"स्पीकर हा देह असतो आणि त्याला वाजवणारा रिसीव्हर हा आत्मा," असं मनिरामजी अख्ख्या गोंदियाला सांगत. वर्षभर त्यांच्या बैठकीत कमरेएवढे दोन देह आत्म्याविना उभे होते आणि बायको गंगाबाई त्यांच्यावर ओले टॉवेल वाळत घालत. वॅट जुळले की ओहम अडायचे. पोरीचं स्थळ पाहतानाही मनिरामजी इतके थकले नव्हते.

शेवटी जोडीचा रिसीव्हर मिळाला. त्यांनी बासरी लावली. गंगाबाई म्हणाल्या, "मोबाइलवर वाजते तसंच त वाजून राहिलं जी!"

मनिरामजी खचलेच. हा फरक कळणारा एक तरी कान घरात यावा, एवढीच आता त्यांची इच्छा उरली होती.

रविवारी अर्जुनी मोरगावहून त्यांचा साळा गोपीचंद आला. डोळे मिटून त्यानं अख्खी बासरी ऐकली. मग हळूच विचारलं, "आवाज आणखी वाढते का जी?" मनिरामजींनी वाढवला. खिडकीच्या काचा थरथरल्या, गोपीचंदचे डोळे चमकले आणि मनिरामजींना भरून आलं.


"भाऊजी," गोपीचंद हात जोडून म्हणाला, "धानात डुकरं लय घुसून राहिले. याच्यात वाघाची डरकाळी भरून आठ दिवस देता का?"