न वाजवलेली रेकॉर्ड

जुन्या रेकॉर्डचा संग्रह करणाऱ्या टकवेलने पांढरे हातमोजे चढवले, कपाटातून रेकॉर्ड काढली आणि दोन्ही हातांवर धरून समोर आणली. सिरिल हेग खुर्चीच्या टोकावर सरकला. स्वतःचीच रेकॉर्ड म्हातारा पन्नास वर्षांनी बघत होता.

"हीच," तो म्हणाला. "मी सॅक्सोफोनवर, माझी एनिड पियानोवर. जॅझ म्हटलं की कंपन्या दारात उभं करायच्या नाहीत, मग आम्हीच काढली. शंभर प्रती झाल्या की कर लागायचा, म्हणून नव्व्याण्णवच काढल्या."

"आणि त्यातली ही एकच सापडली," टकवेल म्हणाला.

"बाकीच्या राहणार कशा? पबमध्ये लोकांच्या गळ्यात मारायचो. कुणी वर बिअरचे ग्लास ठेवले. माझी एकाने ऐकायला म्हणून नेली, ती नेलीच."

सिरिलची मुलगी हिलरी हडर्सफील्डहून लंडनपर्यंत गाडी हाकत आली होती. ती मुद्द्यावर आली. "आई गेली आमची. तिच्या हातचं दुसरं काहीच रेकॉर्ड झालेलं नाही. बाबांना एकदा ऐकू द्या, की निघालो आम्ही."

टकवेलचा चेहरा पडला. "मला वाटलं, बघायला आलात."

"रेकॉर्ड काय बघायची असते?"

"हिच्यावर अजून सुई टेकलेली नाही. एकदा टेकली की झाली वाजवलेली. मग माझ्याकडे राहिलं काय?"

"मग चांगली आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

"सगळे जाणकार म्हणतात," टकवेल खाली बघत म्हणाला. "मीसुद्धा ऐकलेली नाही."

माणूस वाईट नव्हता हो. चहा केला होता, केक आणून ठेवला होता. पण रेकॉर्ड प्लेअरकडे काही त्याचा हात जाईना. सिरिलला वाटलं, हिसकावून घ्यावी. पण रेकॉर्ड टकवेलची, रीतसर विकत घेतलेली. त्याने हात मांडीवरच ठेवले. चहा तसाच गार झाला.

निघताना समजूत घालायला म्हणून टकवेलने रेकॉर्ड सिरिलच्या डोळ्यांजवळ धरली. "बघा, कोरी करकरीत. कव्हरवर एवढा एक डाग. कोपऱ्यातल्या डिंकात कुणाचा तरी अंगठा उमटलाय."

सिरिल वाकला. बराच वेळ वाकूनच राहिला.

"एनिडचा," तो म्हणाला. "कव्हरं तिनेच चिकटवली, आमच्या स्वयंपाकघरात." त्याचा अंगठा आपोआप पुढे गेला.

"हात नका लावू, प्लीज." मग टकवेलचा चेहरा खुलला. "म्हणजे डाग नाहीच की हा. तेवढं लिहून द्याल? तिचाच आहे म्हणून?"

हिलरी काही बोलणार होती, पण सिरिलने कागद ओढला आणि लिहायला घेतलं. टकवेल त्याच्या खांद्यावरून वाचत होता.

"एनिड पियानो कसा वाजवायची, तेही लिहा ना दोन ओळी," तो म्हणाला. "मला एरवी कसं कळणार?"