मरणाचा सीन

"मरताना कुणी डायलॉग मारत नाही," ब्रदर म्हणाला. "पिक्चरवाल्यांना हे एकदा कुणीतरी सांगायला हवं."

तो अ‍ॅम्ब्युलन्सच्या मागच्या बाकावर, पेशंटशेजारी नर्सच्या जागी बसला होता आणि मान वळवून पुढच्या छोट्या खिडकीतून ड्रायव्हरशी बोलत होता. गाडी पुलाच्या तोंडाशी अडकली होती. सायरन ओरडून ओरडून दमला, पण पुढच्या ट्रकला हलायला जागाच नव्हती. स्ट्रेचरवर सत्तरीचे एक गृहस्थ होते. छापखान्यात काम करता करता छातीत कळ आली, म्हणून तिथल्या लोकांनी फोन केला होता. घरचं कुणी बरोबर नव्हतं. घरच्यांना परस्पर हॉस्पिटलात यायला सांगितलं होतं. ऑक्सिजन लावलेला होता, नाडी बरी होती. करण्यासारखं सगळं करून झालं होतं आणि अशा वेळी हे दोघं पिक्चरवर बोलत. त्याशिवाय ही नोकरी बावीस वर्षं निभली नसती.

ड्रायव्हर दर रविवारी थिएटरात जाई. ब्रदर सुट्टीच्या दिवशी टीव्हीवर जे लागेल ते बघे, मत मात्र सगळ्यावर देई.

"नव्या पिक्चरमध्ये मरायलाही सवड नाही," ड्रायव्हर म्हणाला. "परवाच्यात मिनिटाला चाळीस माणसं आडवी. एकानं 'आई गं' म्हटलं नाही. जुन्यात निदान माणूस काहीतरी सांगून जायचा."

"काहीतरी? अख्खं पान! छातीत तीन गोळ्या, आणि हा दोन भावांचे हात एकमेकांच्या हातात देतोय, हरवलेल्या पोराला ओळखतोय, वर सुनेला आशीर्वाद. मग मान टाकणार. तीही कॅमेऱ्याकडे."

"मी रडतो तिथे."

"तू साबणाच्या जाहिरातीतही रडतोस."

स्ट्रेचरवरच्या गृहस्थांनी मास्क बाजूला सारला. त्यांची बोटं शाईनं काळी झाली होती. त्यांनी ब्रदरच्या बाहीला धरून ओढलं आणि काहीतरी बोलले. चार-पाच शब्द असतील.

"काका, मास्क काढायचा नाही. आलंच हॉस्पिटल." ब्रदरनं मास्क नीट बसवला, त्यांचा हात ब्लँकेटखाली ठेवला आणि पुन्हा खिडकीकडे वळला. "बावीस वर्षांत एक माणूस माझ्यासमोर बोललेला नाही. फार तर पाणी मागतात."

ट्रक हलला. गाडी पुलावर चढली. ब्रदरनं मागे पाहिलं तेव्हा मास्कच्या आत वाफ धरत नव्हती.

पुढचं सगळं त्यानं नियमाप्रमाणे केलं. हॉस्पिटलच्या दारापर्यंत छाती दाबत राहिला, घामानं निथळला. आत डॉक्टरांनी वीस मिनिटं खटपट केली आणि घड्याळाकडे पाहिलं. लवकर पोचला असतात तरी वाचले नसते, असं ते म्हणाले. ब्रदरला त्यानं जराही बरं वाटलं नाही.

बाहेर बाकावर त्या गृहस्थांची बायको बसली होती. मुलगा चार हात लांब, भिंतीपाशी, हातातल्या हेल्मेटचा पट्टा ओढत उभा होता. बापलेकांत सहा वर्षं अबोला होता, हे बाईंनी कुणी न विचारताच सांगून टाकलं.

"तुम्ही होतात ना गाडीत?" त्यांनी विचारलं. "काही बोलले का हो?"

ऐकलं नाही, एवढं सांगायला दोनच शब्द लागले असते. तोंडातून निघेनात.

"बोलले," ब्रदर म्हणाला. "तुमची काळजी करत होते."

"आणि ह्याच्याबद्दल?"

मुलानं वर पाहिलं नाही, पण पट्टा ओढायचा थांबला.

टीव्हीसमोर बसून आपण ज्याला जन्मभर हसलो, नेमकं तेच आता करतोय, हे ब्रदरला कळत होतं. त्याला स्वतःची लाज वाटली. तरी तो थांबला नाही. "ह्यांचं नाव घेतलं," तो म्हणाला. "राग नाही म्हणाले."

"कुठलं नाव?" मुलगा पहिल्यांदाच बोलला. "शाळेतलं की घरातलं?"

"घरातलं."

मुलगा त्याच्याकडे बघतच राहिला. बाईंनी तोंडावर हात धरला.

"ते नाव आईनं ठेवलंय," मुलगा म्हणाला. "बाबांना कधीच आवडलं नाही. लहानपणापासून एकदाही त्या नावानं हाक मारली नाही त्यांनी मला."

पकडले गेलो, असं ब्रदरला वाटलं आणि एका अर्थी सुटलो, असंही वाटलं.

"म्हणजे आज मारली," मुलगा म्हणाला.

तो भिंतीला टेकून तिथेच फरशीवर बसला आणि रडायला लागला. चाळिशीचा माणूस, पण येणाऱ्या-जाणाऱ्यांचं भान राहिलं नाही त्याला. बाई त्याच्याजवळ जाऊन बसल्या. सहा वर्षं ज्या एका गोष्टीसाठी त्यांनी दोघांची मनधरणी केली होती, ती अशी झाली होती. त्या त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

बऱ्याच वेळानं मुलगा शांत झाला. डोळे पुसून त्यानं ब्रदरला हाक मारली.

"कसं म्हणाले हो? एकदा म्हणून दाखवा ना. अगदी ते म्हणाले तसंच."

मायलेक मान वर करून त्याच्या तोंडाकडे बघत होते. ब्रदरला ते नाव माहीत नव्हतं.