धर कान!

या मायबाप, जवळ सरका, एका मायलेकीची गोष्ट सांगतो. सरकारी शाळेच्या दारात गोपिका मिनलला घेऊन उभी होती. पोरीचा जन्मदाखला नागनदीच्या पुरात वाहून गेलेला. प्रवेश नाही मिळाला, तर धुणीभांडी करायला जाताना तिला रोजच्यासारखं खोलीत कोंडावं लागणार होतं. "डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता आला, तर वय भरलं समजते मी," मॅडम म्हणाल्या. "चल, धर कान!" मिनल दचकली. दोन्ही कान धरून ती भराभर उठाबशा काढू लागली. "नाही रडत वं माय! कुलपात चूप बसतो मी!" "कुलपात?" मॅडम चमकल्या. "हिले कोणापाशी ठेवू, मॅडम?" म्हणत गोपिकानं लेकीचा हात डोक्यावरून ओढला. बोटं कानाला टेकेनात. ती ओढतच राहिली. मिनल खरंच रडली नाही. देवापुढे हात जोडाल, तेव्हा या लेकराला आठवा.