कानाशी फुटलेला फुगा

फुगा खांबाच्या कानाशी फुटला, तेव्हा त्याच्या हातात सरबताचा काचेचा पेला होता. पेला खाली पडून चक्काचूर झाला. दोन्ही हात कानांवर दाबून खांब गुडघ्यांत वाकला आणि तसाच भिंतीला घासत स्वयंपाकघरात शिरला. मागे सगळी खोली हसत होती. टाचणी हातात धरून शेठ सगळ्यात जास्त हसत होता.

खांब म्हणजे या टोळक्यातला कॉलेजपासूनचा मित्र. उंच, आणि कुठेही गेला की एक कोपरा धरून उभा, म्हणून खांब. इमारतींच्या लिफ्ट तपासायची नोकरी करायचा. शेठचा आज वाढदिवस होता. पैसा आल्यावर त्याने टकलावर नवे केस रोवून घेतले होते, आणि खांब आल्या आल्या त्याला विचारलं होतं, "कसा दिसतोय?" खांबाने नीट निरखून पाहिलं आणि सांगितलं, "आधी बरा दिसायचास." टोळक्यातल्या वकिलाला केकचा ठसका लागला. चार लोकांत शेठच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याचा हा वचपा.

बुटकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बुटकी याच टोळक्यातली, आणि खांबाला आज इथे ओढून आणणारीही तीच. "गर्दीत मला नको वाटतं," असं तो म्हणाला होता. "मी आहे ना," असं ती म्हणाली होती. होती की. हातात बशी घेऊन सोफ्यावर बसली होती. तिने बशी आपटलीच.

"लाज नाही वाटत तुला?"

"अगं, गंमत केली. फुग्याला घाबरायला तो काय कुक्कुलं बाळ आहे?" शेठ डोळे पुसत म्हणाला. "इतकी वर्षं झाली, हा आहे तिथेच. नजरेला नजर देईल तर शपथ. आपण पोट धरून हसतो, हा विचारतो, यात हसण्यासारखं काय आहे? माणूस आहे का दगड?"

"माझी आई गेली तेव्हा भेटायला आला," वकील म्हणाला, "आणि पहिला प्रश्न काय विचारावा? नक्की कशाने गेली. त्या दिवशी मनातून उतरला तो माझ्या."

झालं. बुटकीच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"अरे गाढवांनो, ऑटिझम हा शब्द ऐकलाय का कधी? मुलांच्या दवाखान्यात व्यायाम शिकवते मी. रोज येतात माझ्याकडे अशी मुलं. कोणाला आवाज कानात सुई खुपसल्यासारखा लागतो. कोणाला नजर देता येत नाही. जीव लावतात, पण तोंडावर दिसत नाही, म्हणून त्यांना दगड म्हणायचं होय? ही मुलं मोठी होतात रे. चाळिशीची होतात, नोकऱ्या करतात, आणि तुमच्यासारख्यांच्या तावडीत सापडतात. दवाखान्यात लागल्यापासून दोन वर्षं मी त्याच्याकडे बघतेय. सगळ्या खुणा तशाच आहेत. आणि तुम्ही टाचण्या घेऊन बसा."

कोणी हसेना. शेठची बायको टेबलावरचा केक उगाच झाकायला लागली. बुटकीला जरा बरं वाटलं. कोणीतरी या लोकांना सुनवायलाच हवं होतं. आणखी चार शब्द तोंडाशी आले होते, पण तेवढ्यात तिच्या ध्यानात आलं, हे लोक आपल्याकडे बघतच नाहीयेत.

तिने मागे वळून पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात केरसुणी आणि सुपली घेऊन खांब उभा होता. केव्हापासून, कोण जाणे.

"अनवाणी कोणी येऊ नका," तो म्हणाला. मग खाली बसून त्याने काचा गोळा केल्या, सोफ्याखालच्यासुद्धा. फरशी पुसली. बूट घातले आणि जिना उतरायला लागला.

बुटकी चप्पल कशीबशी पायात सरकवून त्याच्या मागे धावली. "या लोकांचं तोंडसुद्धा बघायचं नाही मला," ती उतरता उतरता म्हणत होती. "तू मनावर घेऊ नकोस. त्या शेठची मी चांगली..."

खांब मधल्या वळणावर थांबला. समोरच्या भिंतीकडे बघत त्याने विचारलं, "तो शब्द. तो नक्की आहे?"

"नक्की तर तपासणारेच सांगतील. पण मला पुष्कळ खुणा दिसतात. आणि ते काही वाईट नसतं, खरंच."

"दोन वर्षं दिसतात."

"हो."

"आणखी कोणाला सांगितलंस?"

काहीतरी थाप मारावी असं तिच्या मनात आलं. पण या माणसापुढे जीभ वळेना. "नवऱ्याला," ती म्हणाली. "दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना. आईला, एकदा, बोलता बोलता."

"मला नाही."

"तुला कसं सांगायचं हेच सुचत नव्हतं रे. तू दुखावशील म्हणून..."

खांबाचे कान अजून लाल होते. ओठ थरथरत होते. इतक्या वर्षांत तिने त्याला एकदाही चिडलेला पाहिला नव्हता, म्हणून तिला ते ओळखायला वेळ लागला. तो चिडला होता. शेठवर नाही, वकिलावर नाही. तिच्यावर.

"मी वाईट माणूस आहे, असं मी आजपर्यंत समजत होतो," तो म्हणाला. "तू सांगितलं असतंस, तर त्यातली दोन वर्षं वाचली असती."