करवंटीचं डोकं

पडद्यावर बाहुली आली आणि डॉ. उत्तरा साळवीने पायाशी ठेवलेली पिशवी खुर्चीखाली आणखी आत सरकवली. पिशवीत हुबेहूब तशीच बाहुली होती.

ठाण्यात वैद्यकीय शिक्षकांचं संमेलन भरलं होतं. वर्गात कोण काय नवीन करतं ते एकमेकांना सांगायचं, त्यावरचं संशोधन मांडायचं आणि सगळ्यांत चांगल्या कल्पनेला बक्षीस द्यायचं, असा बेत होता. उत्तरा शीळफाट्याकडच्या एका कॉलेजात प्रसूतिशास्त्र शिकवायची. बाहुलीवरचा आपला निबंध ती जेवणानंतर वाचणार होती आणि त्या एका निबंधावर तिची बढती अडलेली होती. अन् जेवणाआधीच दुसऱ्या कॉलेजातले डॉ. ऋतुराज तिची बाहुली घेऊन व्यासपीठावर उभे होते.

बाहुली तिचीच, यात शंका नव्हती. बाळंतपणात आतल्या बाळाचं डोकं दिसत नाही, बोटांनीच ओळखावं लागतं. पुढची टाळू मोठी, शंकरपाळीच्या आकाराची. मागची लहान, तीन कोनांची. कोणती टाळू कुठे लागते त्यावरून बाळाचं तोंड कुणीकडे ते कळतं. बाजारातली मॉडेलं महाग आणि कॉलेज चिकट, म्हणून उत्तराने नारळाच्या करवंटीचे तुकडे घासून कवटी जुळवली आणि मध्ये टाळूच्या फटी सोडल्या. डोंबिवलीच्या घरी तिच्या सासूबाईंनी, मंजुळाबाईंनी, वरून परकराचं मऊ कापड शिवलं आणि दोऱ्याने नाकडोळे काढले. मुलांनी खोक्यात हात घालायचा आणि न बघता सांगायचं. दोन वर्षांपूर्वी उत्तराने त्याचा व्हिडिओ शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला होता. चांगली गोष्ट चार जणांना कळावी, एवढाच हेतू. ती चार जणांवर न थांबता चाळीस कॉलेजं फिरली आणि उत्तराचं नाव वाटेत कुठेतरी गळून पडलं.

डॉ. ऋतुराज कम्युनिटी मेडिसिन शिकवायचे. बाळंतपणाशी त्यांचा संबंध इंटर्नशिपनंतर सुटलेला. माणूस वाईट वाटत नव्हता. शिंप्याकडून बाहुल्या शिवून घेतल्या, पाच कॉलेजांत वाटल्या, मुलांच्या परीक्षा घेतल्या, हे सगळं ते नीट सांगत होते. कल्पना कुठून आली तेवढंच त्यांनी गाळलं होतं. पडद्यावर कल्पना म्हणून त्यांचंच नाव होतं.

उत्तराच्या अंगाचा तिळपापड झाला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. शेजारी बसलेल्या विनिताने, तिच्या विभागातल्या मैत्रिणीने, तोवर फोनमध्ये तो जुना व्हिडिओ शोधून काढला होता. त्यात उत्तराचा आवाज होता, वर तारीख होती. विनिता तिला कोपराने ढोसत उठायला सांगत होती.

इतक्यात डॉ. ऋतुराजांनी बाहुली प्रेक्षकांत फिरवायला दिली. हातोहात ती उत्तराकडे आली. तिने सवयीने डोळे मिटले आणि डोक्यावरून बोटं फिरवली. नाकाच्या बाजूला तीन कोनांची लहान टाळू लागली. शंकरपाळी मागे होती.

तिला सगळं आठवलं. पहिल्या बाहुलीचा चेहरा मंजुळाबाईंनी उलट्या बाजूला शिवला होता. त्यांचा काय दोष, उत्तरानेच कापडावर खूण केली नव्हती. दोन दिवसांनी ते तिच्या लक्षात आलं, घरी हशा पिकला, टाके उसवून चेहरा जागेवर आला. पण व्हिडिओ तोवर जाऊन बसला होता. चूक झाली म्हणून ग्रुपवर कळवायचं तर तिला लाज वाटली. तिथे मोठमोठे प्राध्यापक होते आणि त्यांचे कौतुकाचे मेसेज अजून येत होते. तिने विषय सोडून दिला. शिंप्याने मात्र व्हिडिओबरहुकूम शिवलं होतं.

विनितानेही बाहुली चाचपून पाहिली आणि तिचा चेहरा उजळला.

"अगं, हे तर बेस्टच झालं," ती कुजबुजली. "व्हिडिओ आता काढूच नको. जेवणानंतर तुझी बरोबर बाहुली दाखव. चूक त्याच्या नावावर, सुधारणा तुझ्या. बक्षीस तुझंच बघ."

बोलणं व्यवहाराचं होतं आणि उत्तराला ते पटलंही. तिने बाहुली पुढच्या रांगेत दिली आणि खुर्चीत टेकून बसली. क्षणभर तिला अगदी हलकं वाटलं.

व्यासपीठावर डॉ. ऋतुराज सहाशे मुलांचा आकडा सांगत होते. त्यातली बरीच आता इंटर्न होऊन शहापूर, मुरबाडकडच्या दवाखान्यांत बाळंतपणं करू लागली आहेत, असं ते अभिमानाने म्हणाले. उत्तरा खुर्चीत ताठ बसली. त्यातलं एखादं पोर या घडीला अडलेल्या बाईपाशी उभं असेल आणि बोटांना लागलेलं उलटं वाचत असेल. शिवाय तो व्हिडिओ आणखी कुणाकुणाच्या शिंप्याकडे पोचला असेल, देव जाणे. जेवणानंतर बरोबर बाहुली दाखवून तो थांबणार नव्हता. बढती गेली तर वाईट वाटलं असतं, पण ही भीती निराळीच होती.

अध्यक्षांनी कुणाला काही विचारायचं आहे का म्हणून विचारलं. उत्तराने हात वर केला. विनिताने तिची ओढणी ओढली, तरी ती उठली. माइक हातात घेऊन तिने आपलं नाव सांगितलं, पहिली बाहुली आपण केली असं सांगितलं आणि व्हिडिओची तारीखही सांगितली. सभागृहात कुजबुज सुरू झाली. डॉ. ऋतुराजांचा चेहरा पडला. नावाचं आपण नंतर बघू, असं काहीतरी ते चाचरत म्हणू लागले. उत्तराने हात करून त्यांना थांबवलं.

"नाव तुमचंच राहू द्या, सर," ती म्हणाली. "फक्त बाहुलीचा चेहरा उलट्या बाजूला शिवलाय. ती चूक माझी आहे. ती मात्र माझ्या नावानिशी सगळ्यांना पाठवा."